मलकापूरची मंजुरी

जगातलं कुठलंही मोठं पारितोषिक आमच्या घरमालकांनी मंजूर केल्याशिवाय पक्कं होत नसे. ते जाहीर व्हायचं सातासमुद्रापार, तिथले राजेसाहेब विजेत्याच्या हातात पदक ठेवायचे, मेजवान्या झडायच्या; पण खरा निकाल लागायचा तो मलकापुरात, आमच्या ओट्यावर. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि मालकांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आगगाडीने आलेलं शिळं वर्तमानपत्र मी मोठ्याने वाचायचं, मालकांनी डोळे मिटून ऐकायचं आणि मग समोरचे शिंपीचाचा मशीन थांबवून विचारायचे, "हां मालक, पास का नापास?"

मालकांच्या कसोट्या ठरलेल्या होत्या आणि प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता तरी त्या बदलल्या नसत्या. ग्रंथकाराला बक्षीस मिळालं की प्रश्न एकच : "त्याच्या बायकोनं ते पुस्तक पुरं वाचलं काय?" औषध शोधणाऱ्याने ते आधी आपल्या सासऱ्याला पाजलेलं असलं पाहिजे. पदार्थविज्ञानवाल्यांना मात्र ते सरसकट पास करत. "आपल्याले समजत नाही, त्यात त्या गरिबाचं नुकसान काऊन करा?" एकदा एका परदेशी कवीची बाजू घेऊन मी तासभर वाद घातला. मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, सांगून मला चहा पाजला आणि कवीला नापास केलं.

सगळ्यात कडक परीक्षा शांततेच्या पारितोषिकाची. "त्याच्या धुऱ्यावरचा शेजारी त्याच्याबद्दल काय म्हनते, ते सांगा." धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, वऱ्हाडात भावाभावांची डोकी फुटतात ती तिथेच. एके वर्षी युरोपातल्या कुणा मंत्र्याने दोन देशांचं भांडण मिटवलं म्हणून त्याला ते पारितोषिक मिळालं आणि मालक उसळले. "देश काय, लढून थकले का आपोआप मिटते. धुरा मिटव म्हना त्याले, धुरा!"

चाचांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "पर मालक, तुमच्या धुऱ्यावर कोन हाय हो?"

मालकांच्या धुऱ्यावर त्यांचे सख्खे थोरले भाऊ होते. एका नांगरटीत बांध हातभर सरकला आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. लग्नाकार्यातसुद्धा एकमेकांकडे पाठ करून जेवत. मालक उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दमणीला बैल जुंपून ते माझ्या दारात उभे. "चला मास्तर, साक्षीदार पायजे. स्वतः नापास असलेल्या मानसानं दुसऱ्याचा पेपर तपासू नाही." काकूंनी "न्याहारी तरी करा" म्हटलं, तेही ऐकलं नाही.

थोरले कपाशीतच उभे होते. मालक धुऱ्याशी थांबले, टोपी सारखी केली आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर पोरगं उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. "दादा, मी कसा मानूस हाय? खरं सांग."

थोरल्यांनी हातातला कापूस ओटीत टाकला. "चोर हायेस बे. हातभर वावर खाल्लं माह्यं."

"हाव. खाल्लं."

एवढं म्हणताना मालकांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी दमणीतून पहार काढली आणि बांधावरचा हद्दीचा दगड स्वतःच उखडायला घेतला. पन्नाशी उलटलेला माणूस, धोतर मातीत लोळतंय, दगड काही हलत नाही. पण हट्ट सोडतील तर ते आमचे मालक कसले! शेवटी थोरलेच शिव्या घालत पुढे आले. "सरक बे, तुले लहानपनापासून पहार धरता येत नाही." मग दोघांनी मिळून तो दगड हलवला आणि जुन्या जागी नेऊन रोवला.

परतताना मालकांनी धोतराची माती झटकली. मग म्हणाले, "हातभर पट्टीसाठी मले अर्धी उमर लागली, मास्तर. त्या मंत्र्यानं दोन मुलुख मिटवले. पास करा त्याले."

त्यानंतर मालक फार दिवस राहिले नाहीत. स्मशानातून परतल्यावर थोरले ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "वेळेवर गोड झालं, हे तरी बरं."

थोरल्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तो लहान होता, मास्तर," ते म्हणाले. "पह्यले मी बोलायले पायजे होतं."