ऑफिस वर्तकनगरला गेलं तेव्हा

परवा पोस्टात गरम लाखेचा वास आला आणि आमच्या कळव्यातल्या घराचा खालचा मजला आठवला. तिथे कित्येक वर्षं एक सरकारी ऑफिस भाड्याने होतं, पाकिटांवर लाखेची सीलं मारायचे तिथे. मग सरकारने वर्तकनगरला स्वतःची इमारत विकत घेतली आणि एका दिवसात टेबलं, कपाटं, माणसं सगळी गेली. मिस्टर आधीच वारलेले, त्यामुळे घरात मी एकटीच उरले. दुसऱ्या सकाळी एक वयस्कर गृहस्थ हातात अर्ज घेऊन आले. "ताई, ऑफिस उघडलं नाही अजून?" "बसा ना, चहा ठेवते," मी म्हटलं. चहा झाला, त्यांच्या मुलासुनांची चौकशी झाली, तेव्हा कुठे मी नवा पत्ता सांगितला. "अहो, आधी सांगायचं ना! साहेब बारापर्यंतच भेटतात," म्हणत ते लगबगीने निघाले. त्यांना मी मुद्दाम बसवून घेतलं होतं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.