बाजातात्यांचा पटाशीचा दात

माणसाचं तोंड उघडून बघितल्याशिवाय बाजातात्या कुणाला बँडमध्ये घेत नसत. बोळिंजच्या त्यांच्या वाडीत कुणी तरुण हौसेने गेला की ते त्याला केळीच्या सावलीतून उन्हात आणत, हनुवटी धरून मान मागे करत आणि म्हणत, "आऽ कर." मग बराच वेळ आत बघत राहत. समोरचे पटाशीचे दात सरळ रांगेत असले तर ट्रम्पेट. एकावर एक चढलेले असले तर क्लॅरिनेट. हिरड्या सुजून रक्त येत असेल तर आधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग बाजा. आणि गालात तंबाखूची गोळी सापडली तर ढोल. "त्याला दात लागत नाहीत, नि अक्कलही," हे ते ढोलवाल्याच्या तोंडावर म्हणत, आणि ढोलवालाच सगळ्यात मोठ्याने हसे.

माझंही तोंड त्यांनी बघितलं होतं. सुळ्यांपासून दाढांपर्यंत सगळं बघून म्हणाले, "तुझे दात भाषणाचे रे. वाजवायचे नाहीत." मी पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि पुढच्या वाडीत गेलो.

त्या काळात मी पत्रकं लिहीत होतो. अजूनही लिहितो. आमच्या विहिरींचं गोडं पाणी टँकरमध्ये भरून स्टेशनकडच्या नव्या इमारतींना विकलं जात होतं. पंप रात्रंदिवस चालत. केळी पिवळी पडत होती, पानवेली माना टाकत होत्या, खाडीकडच्या विहिरींचं पाणी खारट होऊन चहाला चालेनासं झालं होतं आणि कचेरीतले साहेबलोक विचारत होते, "लेखी तक्रार आहे का?" आम्ही लेखी तक्रारी केल्या. सायक्लोस्टाइल करून घरोघर वाटल्या. त्या कागदांत लोकांनी अबोलीचे गजरे बांधले. सभेला आलेल्या माणसांपेक्षा सतरंज्या जास्त असत.

तात्यांना हे कळलं तेव्हा ते बावखलाच्या काठी बसले होते. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. तिन्हीसांजेला ते तिथेच वाजवायला बसत. पाण्यावर शेवाळाची हिरवी साय, वर वटवाघळं, मागे माडांच्या काळ्या होत जाणाऱ्या रांगा, आणि त्या सगळ्यातून तो पितळी आवाज असा निघे की वाटे, कुणी पाण्याखालून वाजवतंय. लांबच्या वाड्यांतल्या बायका दिवा लावताना हात थांबवत. थंडीत धुकं उतरलं की आवाज कुठून येतोय ते कळत नसे, तो नुसता असे, ओल असते तसा. "पाण्यावरून आलेला सूर भिजून येतो," तात्या म्हणत. "म्हणून तो कानात मुरतो." माझ्या सभेची हकीकत ऐकून त्यांनी ट्रम्पेट धोतराला पुसलं. "कागद वाचायला दिवा लागतो, चष्मा लागतो. हे वाचायला काही लागत नाही. टँकर आला की मला सांग."

तेव्हापासून टँकर वाडीच्या रस्त्याला लागला की तात्या वाजवत. सूर लग्नाचाच, वरात निघतानाचा. पण लोकांना कळे. कोयते, पाट्या टाकून माणसं बाहेर येत, बायका पदर खोचत येत, आणि टँकरला परत जावं लागे. माझी सगळी पत्रकं एका बाजूला आणि तात्यांची एक फुंकर दुसऱ्या बाजूला. राग येई मला. आणि अंगावर काटाही.

एका सकाळी टँकर थांबेना. तात्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून वाजवत होते. टँकर त्यांना खेटून बाजूने निघाला. क्लीनरने खाली उतरायला दार फटकन उघडलं, ते ट्रम्पेटच्या पसरट तोंडावर आदळलं आणि ओठांवरची, फुंकायची पितळी वाटी तात्यांच्या दातांत घुसली. वरचा, समोरचा दात मुळासकट बाहेर. रस्त्यावर रक्त. लोक खवळले, क्लीनर केबिनमध्ये दडला, आणि थोड्या वेळाने हवालदार आले.

"ऐसा जानबूझके नहीं किया साब, खुद विचारा ना त्यांना," क्लीनर आतूनच ओरडला.

हवालदारांनी वही काढली. "दात कुठाय? जमा करा. मुद्देमाल आहे तो."

तात्यांनी मान हलवली.

"अहो आजोबा, दाताशिवाय केस कशी होणार? जबाब तरी द्या."

तात्या ओठ मिटून उभे. हनुवटीवरून रक्त ओघळतंय, पण तोंड उघडत नाहीत. माझा संताप अनावर झाला. इतके महिने आम्ही ज्याची वाट पाहत होतो तो पुरावा, तो साक्षीदार समोर होता आणि मूग गिळून बसला होता! "तात्या, बोला! घाबरता कुणाला?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते बेसूर वाजवणाऱ्याकडे बघत. मग माझ्या सायकलच्या कॅरिअरवर जाऊन बसले आणि स्टेशनच्या दिशेने बोट दाखवलं.

विरारला तेव्हा दातांची एक डॉक्टरीणबाई नुकतीच आली होती. तिने विचारलं, "दात आणलाय का?" तेव्हा कुठे तात्यांनी तोंड उघडलं आणि गालाच्या आतून दात काढून तिच्या हातावर ठेवला.

"शाबास! धुतला नाहीत, घासला नाहीत, वाळू दिला नाहीत. कुणी शिकवलं हे?"

"कोणी नाय बाई. खिशाला भोक आहे."

ती हसत हसतच कामाला लागली. दात तिने पांढऱ्या भागाला धरला होता. मुळाला बोट लागू दिलं नाही. मला वाटे दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. ती म्हणाली, तसं नसतं. बाहेर दिसतो तो कठीण पांढरा मुकुट, आत त्याहून मऊ थर, त्याच्या पोटात नस. आणि हिरडीखालच्या मुळाभोवती बारीक धाग्यांची एक झोळी असते, दात त्या झोळीत टांगलेला असतो. ते धागे जिवंत राहिले तर निघालेला दात पुन्हा धरतो. तिने तो जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, नंतर आतली मेलेली नस काढून टाकली.

मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं! दूरदेशीच्या नद्यांची नावं शाळेत आमच्याकडून घोकून घेतली आणि स्वतःच्या तोंडात काय आहे ते कुणी शिकवलं नाही. पाण्याच्या पुढच्या पत्रकाच्या मागे मी छापून टाकलं: पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात लावू नका. शक्य असेल तर तिथेच परत बसवा, नाहीतर दुधात ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवू नका. ते पत्रक लोकांनी जपून ठेवलं. मागच्या बाजूसाठी.

तार होती तोवर वाडीत बाजा नव्हता. तात्या पेज पीत आणि ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसत. "दाताला जपतात तेवढं मला कधी जपलं नाही," तात्यांची बायको, आमच्या काकू, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. मग एका संध्याकाळी बावखलावरून सूर आला, जरा थरथरता. काकूंनी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

काही वर्षं अशी गेली. मग तात्यांना एक खोड लागली. बोलता बोलता ते नखाने दात वाजवत. शेजारच्या दातावर टिचकी मारली की ठक. बसवलेल्यावर मारली की टिंग. "ऐक," ते म्हणत, "हा वर चढलाय. पहिल्यांदा दोघं एका सुरात होते." मला हे म्हातारपणाचं खूळ वाटलं. डॉक्टरीणबाईने मात्र आरशाच्या दांड्याने तोच दात वाजवला आणि तिचा चेहरा उतरला. झोळी गेली होती. ती ठोका गिळून टाकते म्हणून चांगला दात ठक वाजतो. आता दात थेट हाडाला चिकटला होता, आणि हाड मुळाला हळूहळू खाऊन त्याच्या जागी स्वतः भरत होतं.

"म्हणजे तो माझ्यात विरघळतोय," तात्या म्हणाले, जणू कुणी गोड बातमी दिली होती.

"वाजवणं सोडलंत तर बरीच वर्षं टिकेल. वाटीचा दाब पडत राहिला तर लवकर मोडेल."

येताना मी सायकल हातात धरून चालत होतो. म्हटलं, "तात्या, आता बास. आपण भोंगा आणू."

"भोंगा वाजला की लोक म्हणतील, कुणाची तरी सभा आहे." थोडं चालून म्हणाले, "आणि दात जपून करू काय? पेरू खाऊ?"

ते वाजवत राहिले. टँकर येत तेव्हा, आणि येत नसत तेव्हाही. त्या दिवसांतला त्यांचा सूर बारीक झाला होता, पण असा लांबवर जाई की आगाशीकडून येणारे लोक विचारत, तुमच्याकडे कुणाचं लग्न आहे? मला ठाऊक होतं, प्रत्येक सुराला आत काहीतरी खर्च होतंय. आणि मी त्यांना टँकर आल्याचं सांगायला जातच होतो.

गेल्या थंडीत एका सकाळी ते माझ्याकडे आले. हसले, तर समोर खिडकी. ना रक्त, ना दुखणं. आदल्या संध्याकाळी सूर संपता संपता दात वाटीतच गळून पडला होता. त्यांनी मूठ माझ्या हातावर उघडली.

"घे. मुद्देमाल जमा."

ट्रम्पेट आता त्यांच्या ओटीवर खुंटीला असतं. खोटा दात बसवून घ्या म्हटलं तर म्हणतात, "वाटी दाबली की त्याच्या मागे कोण उभं राहणार?" टँकर आला की आम्ही थाळ्या वाजवतो. लोक येतात. पूर्वीइतके नाही, पण येतात. तात्या बावखलाच्या काठी बसून राहतात, आणि पाण्याकडे बघत बोटं हलवत असतात, तीन पितळी कळांवर असावीत तशी.

तो दात माझ्या टेबलावर आहे. नुसता वरचा मुकुट, खाली मूळ नाहीच, ते तात्यांकडे राहिलं. पत्रक लिहिताना शब्द अडला की मी पेनाने त्याच्यावर टिचकी मारतो. ठक. पुन्हा मारतो. ठक. मग खिडकी उघडून बावखलाच्या दिशेने थोडा वेळ ऐकत बसतो.