सोर नगरीतली माणसं

चांद्याच्या एका व्यापाऱ्याने आमची प्रार्थनेची झोपडी आपल्या जागेवरून उठवली, तेव्हा देवाने त्याला धुळीला मिळवावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि मी तर बायबलचा प्रचारक होतो. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचा तो काळ. गडचिरोलीकडच्या मेळाव्यात बोलण्यासाठी मी यहेज्केल संदेष्ट्याने सांगितलेलं सोर नगरीचं भविष्य निवडलं. समुद्रावरच्या व्यापाराने माजलेलं ते शहर स्वतःला देव समजू लागलं, आणि देवाने त्याचा उघडा खडक केला. कोळ्यांनी जाळी वाळवावीत, एवढीच जागा उरली. ऐकणाऱ्यांना त्यात चांद्याचा व्यापारी दिसावा, अशी माझी तयारी होती.

वैनगंगेच्या काठी पोचलो आणि हिवतापाने मला आडवं केलं. डोंगा चालवणाऱ्या ढिवराने, म्हणजे तिकडच्या कोळ्याने, मला उचलून घरी नेलं. मी कोण, कुठला, हेही विचारलं नाही. त्याच्या बायकोने चार दिवस मला पेज पाजली. त्या घरातला ओल्या सुताचा आणि सुकटीचा वास अजून आठवतो, आणि आठवला की बरं वाटतं.

पाचव्या दिवशी अंगणात बसून मी भाषणाची उजळणी करत होतो. बाई जाळं सांधत होती.

"काय वाचून राह्यले, भाऊ?"

मी उत्साहाने सगळं सांगितलं. जाळ्यांचं ऐकून ती हसेल असं वाटलं होतं. तिचा हात थांबला.

"अन् तिथले माणसं कुठी गेले?"

"बुडाले. गर्व झाला होता त्यांना."

"लेकरंबी?"

मग तीच म्हणाली, "पुरात आमचं जुनं गाव गेलं, तवा मालगुजाराच्या घरासाठीबी रडलो आमी. तो आमच्याकडून सारा उकळे, काई चांगला माणूस नव्हता." आणि पुन्हा जाळं सांधू लागली.

मी बायबलची पानं उलटली. त्या शहरासाठी विलाप कर, असं देवानेच संदेष्ट्याला सांगितलं होतं. तो भाग कामाचा नाही म्हणून मी गाळला होता.

मेळाव्यात मी तेवढाच विलाप वाचला. आणि खाली बसलो. परतल्यावर आधी त्या व्यापाऱ्याकडे गेलो. मी भांडायला आलो, असं त्याला वाटलं. "सहज आलो," म्हणालो. बराच वेळ उभं ठेवून शेवटी त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं.

जागा काही मिळाली नाही. पुढे कित्येक वर्षं आम्ही चिंचेखाली प्रार्थना केली. पण कुणाचा न्याय कधी करायचा, हे मी त्या दिवसापासून देवावर सोडलं. चिंचेखालच्या त्या सकाळी इतक्या हलक्या होत्या, की आजही त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतो.