बिनआरीचा भोवरा आणि निर्मळचे खळे

वाचकहो, या सदरातले बहुतेक अनुभव मी वाचले आहेत. मात्र वाचताना माझ्या हातात कायम तांबडी पेन्सिल असे. साक्षीदार कोण? जागा नेमकी कोणती? बाईचे लुगडे पहिल्या परिच्छेदात पांढरे आणि तिसऱ्यात पिवळे कसे? असला मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी तो दुरुस्तीसाठी परत केला असता. देवचार, चकवा, भानामती – यांपैकी एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता. म्हणून जे घडले ते मी जबाब लिहावा तसे क्रमाने लिहितो. पटणे न पटणे आपणावर सोपवतो.

मी अर्जनवीस आहे. वसईच्या कचेरीबाहेर चिंचेच्या सावलीत माझे टेबल असते. शिक्षण सातवीपर्यंत... तथापि माझा मसुदा वाचून "हा कोणत्या वकिलाचा?" असे विचारणारी माणसे मी पाहिली आहेत. मूळ गाव निर्मळ.

घटना नव्वदचे दशक संपत आले होते तेव्हाची. जिल्हा त्या वेळी ठाणेच होता.

आमच्या आळीमागे केळीच्या वाड्या संपतात तेथे सामाईक खळे होते. भाताची झोडणी तेथे होई. आणि शेवटचा भारा झोडून झाला की आळीतला सर्वांत वडील माणूस नारळ फोडून खळे पोरांच्या हवाली करी. ही आमच्याकडची रीत. त्या दिवसापासून पावसापर्यंत खळ्यावर मोठ्यांचा काहीही हक्क नसे. कोणाला पापड वाळत घालायचे असले तरी पोरांना विचारावे लागे! खळ्याच्या एका कोपऱ्यात फुटक्या जात्याची वरची तळी जमिनीसपाट बसवलेली होती. तिच्या मधल्या भोकाला आम्ही गल म्हणत असू. गोट्यांचे सगळे डाव त्या गलावर चालत.

माझा खेळ मात्र भोवऱ्याचा. वडिलांनी सोपाऱ्याच्या सुताराकडून तो खास कातून आणला होता. चिंचेचे लाकूड, त्यावर लाखेचे तांबडे-हिरवे पट्टे. उशाखाली घेऊन मी झोपत असे. त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले, माझी शाळा सुटली आणि खेळही सुटला. पुढे तो भोवरा माझ्या टेबलावर आला – कागदांवरचे वजन म्हणून. त्याची लोखंडी आर कागदांना भोके पाडू लागली, तेव्हा मी ती पक्कडीने उपटली, भोक लाखेने बुजवले आणि बूड कानशीने घासून सपाट केले. याची कृपया नोंद घ्यावी. ज्या टोकावर भोवरा फिरतो ते टोकच मी स्वहस्ते नाहीसे केलेले होते.

झोडणी यंत्रावर गेली आणि खळे नुसतेच पडून राहिले. सात-बारावर नाव हरेश्वरच्या घराण्याचे. हरेश्वर हा माझा बालमित्र. त्याने ती जागा इमारतीसाठी द्यायचे ठरवले आणि दोन ट्रक मुरूम टाकून वरून रोलरही फिरवला. तेव्हा मनूआत्या आळीतल्या सात-आठ आयांना घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मनूआत्या म्हणजे फुलांची वाडी असलेली आमच्या शेजारची म्हातारी. सगळ्या आळीची आत्या.

"दामू, पोरं रस्त्यावर खेलतात रे. परवा स्कूटर अंगावरून जायची ती देवानं वाचवली. खळं गेलं तर ती जायची कुठं? कागद कर."

खरे सांगतो, खेळ हे रिकामटेकड्यांचे काम, असे तेव्हा माझे पक्के मत होते. परंतु काम ते काम. मी अर्ज लिहिला, आणि तो असा लिहिला की वाचणाऱ्याने खुर्चीत सरळ बसावे. मुलांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, तिला आधार म्हणून पुढील वाक्य: "खळ्याच्या नैऋत्य कोपऱ्यात जात्याच्या दगडाचा गल अर्जदारांनी समक्ष पाहिल्याप्रमाणे आजही सुस्थितीत आहे."

येथे मी चुकलो, हे कबूल करतो. अर्जनवीस आपले टेबल सोडत नाही. समोरचा सांगतो, आपण लिहितो आणि "समक्ष पाहिल्याप्रमाणे" हे शब्द तर हात आपोआप लिहून जातो. मी गेली तीस वर्षे त्या कोपऱ्याकडे फिरकलेलो नव्हतो!

अर्जावरून जागेची सरकारी पाहणी ठरली. तिच्या आदल्या संध्याकाळी मनात पाल चुकचुकली म्हणून मी पहार घेऊन खळ्यावर गेलो. नैऋत्य कोपऱ्यात दोन हात खणले. मुरूम, खाली माती, त्याखाली मुळे. जाते नाही, गल नाही... काही नाही. जागा पुराव्यावाचून जाणार होती. आणि ती माझ्या एका वाक्यामुळे जाणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी महसूल खात्याचे सर्कलसाहेब पाहणीला आले. सोलापूरकडचे गृहस्थ, अंगाने स्थूल, स्वभावाने शांत. एप्रिलचे ऊन टळटळीत होते आणि समुद्राकडून वारा सुटला होता, म्हणून मी फाइलीवर ठेवायला भोवरा सोबत आणला होता. पंच म्हणून आळीतले दोघे होते. कुंपणाच्या दगडांवर आया बसल्या होत्या. आपल्या पोरांना त्यांनी मागे दामटून ठेवले होते.

साहेबांनी अर्ज वाचला. "नैऋत्य कोपरा हाच ना? इथं तर कुणीतरी खड्डा मारलाय आणि खड्ड्यात काही नाही. 'समक्ष पाहिल्याप्रमाणे' लिहिलंय. कुणी पाहिलं?"

आयांनी मनूआत्याला पुढे ढकलले.

"मी पाहिलाय," मनूआत्या म्हणाली, "पन तीस वर्षं झाली, आता डोल्यांत मोतीबिंदू. कोपरा कुठला ते मेलं आठवत नाही. ह्याला म्हटलं, बाबा, एकदा येऊन बघून जा. तर मला म्हनतो, आत्या, माझा कागद बोलतो! बोलव आता त्याला!"

आया हसल्या. हरेश्वर तर पोट धरून हसला. "साहेब, दामूनं खळ्यात समुद्र आहे असं लिहिलं असतं तरी यांनी अंगठे दिले असते."

"अहो हरेश्वरराव," साहेब म्हणाले, "तुमची जमीन. इथं असा काही दगड होता का?"

हरेश्वरने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मला तर काही आठवत नाही बुवा."

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. "मग लिहितो, पुरावा आढळून आला नाही." एवढे एक वाक्य, आणि खळे गेले असते.

इतक्यात हरेश्वरची नजर फाइलीवर गेली. "अरे, हा तोच ना? चिंचेचा? ह्याची आर कुठे गेली?" त्याने भोवरा उचलून साहेबांना दाखवला. "साहेब, म्हणे मुलांची वहिवाट! ह्या अर्जाच्या लेखनिकाला अख्ख्या लहानपणात एकदा भोवरा फिरवता आला नाही. टाकला की उताणा! आम्ही ह्याला उताण्या दामू म्हणायचो."

"फेक की मग, उताण्या!" मनूआत्याने टोमणा मारला. "कागद गेला, निदान ते तरी करून दाखव."

वाचकहो, माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात इतका अपमान झालेला नव्हता. काय करतो आहे हे कळण्यापूर्वीच मी फाइलीची सुती फीत सोडली आणि भोवऱ्याला गुंडाळली. कागद वाऱ्यावर उडाले, आया ते धरायला धावल्या. मी हात वर नेला आणि भोवरा मुरमावर मारला.

तो उताणा पडला नाही. उभा राहिला. सपाट बुडावर... उभा राहिला आणि फिरू लागला.

आधी आवाज नव्हता. मग रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा गुंजारव सुरू झाला आणि वाढत गेला. तांबडे-हिरवे पट्टे एकमेकांत मिसळून त्यांचा एकच जांभळट रंग झाला. साहेब खाली वाकले. "निजला की हो!" ते म्हणाले; जागेवर स्थिर फिरणाऱ्या भोवऱ्याला पोरे असेच म्हणतात. त्यांच्या आवाजात सर्कलसाहेब उरलेला नव्हता.

त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. एक मिनिट. तीन मिनिटे. पाच. दगडांमागची पोरे एकेक करून आत आली आणि रिंगण धरून उभी राहिली. कोणी त्यांना हटकले नाही. मग भोवरा चालू लागला. वारा पश्चिमेचा, पण तो वाऱ्याच्या रेषेत न जाता आडवा निघाला, रोलर फिरवलेल्या मुरमाच्या चढावरून. मागे बोटभर रुंदीचा चर उमटत होता.

"सरका! अंगाला लागू देऊ नका!" कोण ओरडले? हरेश्वर! दोन्ही हात पसरून, गुडघ्यांत वाकून तो भोवऱ्याबरोबर मागे मागे सरकत होता आणि पोरांना दूर ठेवत होता, लहानपणी दुसऱ्याच्या डावाला वाट करून देताना ठेवायचा तसाच. शर्ट विजारीतून बाहेर आलेला, चष्मा नाकावर घसरलेला. "येऊ द्या त्याला... येऊ द्या... अरे वळला! दाम्या, आग्नेयेला वळला! गलावर चालला रे! दाम्या, गलावर चढला!"

भोवरा आग्नेय कोपऱ्यात एका जागी थांबला आणि तेथेच फिरत राहिला.

हरेश्वर मात्र जागच्या जागी थिजला. आपण काय बोललो हे त्याला तेव्हा कळले.

"कुठल्या गलावर?" साहेबांनी हळूच विचारले.

त्याला नाही म्हणता आले असते. "असंच तोंडातून निघालं" म्हटले असते तर कोणाचे काय चालणार होते? त्याने भोवऱ्याकडे पाहिले. मग रिंगणातल्या पोरांकडे. चष्मा काढून बाहीने पुसला.

"आमच्या आजीच्या जात्याचा, साहेब," तो म्हणाला. "माझ्या आजोबांनी बसवलाय. इथंच आहे... खाली."

फावडे त्यानेच मागवले. मी भोवरा उचलला तेव्हा तो फिरतच होता. हाताला चांगलाच उष्ण लागला. साहेबांच्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटे झाली होती. वीतभर मुरूम उपसला आणि फावडे ठणकले. काळ्या दगडाची तळी वर आली, कडेला मोडलेली, मधल्या भोकात माती. एका लहान मुलीने ती बोटांनी कोरून काढली. आत काचेच्या पाच गोट्या होत्या.

जसा गलका उठला, तसा मी कोणत्याही कचेरीत, कोणत्याही निकालाला ऐकलेला नाही! मनूआत्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, नैऋत्य म्हने! दिशा तरी शिकला असतास!"

"दिशा चुकली, साहेब," मी म्हणालो. "दुरुस्तीचा अर्ज आत्ताच देतो."

"द्या. वस्तू खरी निघाली," साहेब म्हणाले आणि दगडावर बसून पंचनामा लिहू लागले. मग मध्येच थांबले.

"'चतुःसीमा तपासल्या,' असं लिहिलं. खाली येतं, 'हरकतदार हरेश्वर यांनी स्वतः दाखविलेल्या ठिकाणी खणले असता जात्याची तळी आढळली.' पण मधलं काय? त्यांनी हे ठिकाण एकाएकी का दाखवलं? तुम्ही लिहिणारे आहात, सांगा."

मी तोंड उघडले. "भोवरा आपोआप..."

"आपोआप कसा? तुम्हीच टाकला."

"बिनआरीचा भोवरा अकरा मिनिटे..."

"वरचे साहेब मलाच डॉक्टरकडे तपासणीला पाठवतील हो."

दोन नोंदींमध्ये त्यांनी एक ओळ कोरी सोडली होती. शेवटी त्यांनी रिवाजाप्रमाणे रिकाम्या ओळीवर आडवी रेघ मारली, मागाहून कोणी तिथे काही घुसडू नये म्हणून, आणि सही केली.

दोन महिन्यांच्या आत हुकूम आला. मुलांची वहिवाट मान्य, मुरूम काढून घ्यावा, जागेवर बांधकाम करू नये. खळे पुन्हा पोरांच्या हवाली करताना नारळ हरेश्वरने फोडला, कारण आळीतल्या वडीलधाऱ्यांनी तो मान त्यालाच दिला. फोडून झाल्यावर त्याने मला गोट्यांच्या डावाला बसवले. मी हरलो, पाचही डाव. अंधार पडेपर्यंत कोणी घरी गेले नाही. मुलेही नाही आणि आम्हीही नाही. सातवीत सोडलेला खेळ तीस वर्षांनी पुन्हा हाती लागला, तो हरण्यासाठी का असेना! त्या दिवसापासून खेळाला रिकामटेकड्यांचे काम म्हणणाऱ्या माणसाचा अर्ज मी लिहीत नाही, असे मी टेबलावर बसल्या बसल्या सर्वांना ऐकवत असतो.

भोवऱ्याचे म्हणाल, तर तो नंतर कधीच फिरला नाही. आळीतल्या एका मास्तरांनी वजन, वेग, घर्षण असे पुष्कळ समजावले. मी त्यांच्या हाती भोवरा दिला आणि एक अख्खी दुपार दिली. दरवेळी उताणा. मी टाकला तरी उताणा. बूड तपासले तर सपाटच, लाखेवर साधा ओरखडाही नाही.

पंचनाम्याची नक्कल माझ्याकडे आहे. खळे वाचले ते माझ्या अर्जाने, असे लोक म्हणतात आणि चारचौघांत मी ते नाकारत नाही. परंतु येथे खरे लिहिले पाहिजे. माझा मुद्दा चुकीच्या कोपऱ्यात होता. ज्याने खळे जिंकून दिले ते त्या आडव्या रेघेच्या जागी घडले. आजवर हजारो माणसांचे म्हणणे मी शब्दांत बसवले आहे. फुरसतीच्या वेळी ती नक्कल काढतो, कोरा कागद घेतो आणि ती एक ओळ लिहून पाहतो.

अजून जमलेली नाही.