मारुतीचं माप

जलील टेलर देवांना चेहऱ्यावरून ओळखत नाही, छातीवरून ओळखतो. शिरूर अनंतपाळच्या बाजारात, माणिकप्पाच्या भांड्यांच्या दुकानाला लागून त्याचं दुकान आहे. दारावर शाळेच्या गणवेशांची पाटी आहे आणि गणवेशांवरच त्याचं घर चालतं. शान मात्र वेगळ्या गिऱ्हाइकांमुळे आहे. ही गिऱ्हाइकं कधी दुकानात येत नाहीत, ट्रायलला उभी राहत नाहीत, आणि कापड अंगाला टोचलं तरी बोलत नाहीत.

आसपासच्या गावांतल्या लक्ष्मीआईच्या खणाच्या चोळ्या तो शिवतो. खंडोबाचा अंगरखा शिवतो. उदगीरकडच्या एका चर्चमधल्या मेरीमातेचा निळा झगा नाताळाच्या आधी त्याच्याकडून जातो. नांदेडचं एक शीख कुटुंब ग्रंथसाहेबांसाठी रुमाला शिवून घेऊन गेलं, तेव्हा पोथीला वस्त्र लागतं हे कळून तो दिवसभर खूश होता. दर्ग्यातल्या कबरीवर चढणारा गलेफ तर घरचाच. विहारातल्या बुद्धांनी तेवढी त्याची निराशा केली. मूर्तीनं चीवर दगडातच पांघरलेलं. तिथल्या लोकांनी फक्त खिडकीचे पडदे शिवून घेतले.

शेजारचा माणिकप्पा लिंगायत. त्याच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचं वस्त्रही जलीलनंच शिवलेलं. सगळ्या गिऱ्हाइकांत हा देव सर्वांत लहान आणि कटकट सर्वांत मोठी, असं जलीलचं मत आहे, कारण देवाच्या वतीनं माणिकप्पा बोलतो.

"कुनाच्या देवाला अंग हाय, कुनाच्या देवाला पानं हायेत, माझा गळ्यात बसलाय," माणिकप्पा एकदा चहा पिता पिता म्हणाला, "आन तुमचा हो जलीलभाई?"

"आमच्या अल्लाला मापच न्हाई," जलील म्हणाला. "म्हनून तर बाकीच्यांची मापं घ्यायला हात मोकळे हायेत."

या सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे निंबळवाडीचा मारुती. शिरूरहून सात किलोमीटरवर, गावच्या वेशीत त्याचं देऊळ आहे. हनुमान जयंतीला त्याच्या अंगावर चढणारा पोशाख जलीलच्या घराण्यानं शिवायचा, असा मान आहे. आजोबांनी शिवला, वडिलांनी शिवला, आता जलील शिवतो. गाभाऱ्यात मात्र या घराण्यातलं कुणी कधी गेलं नाही. कुणी अडवलेलं नव्हतं. आजोबा पायरीशी थांबले, म्हणून वडील थांबले, म्हणून जलील थांबतो. आत जाऊन माप घेते ती गुरवाची सिंधुबाई. लाल दोऱ्यानं मापते आणि गाठी मारते. गळ्याला एक गाठ, छातीला दोन, कमरेला तीन. तो दोरा पदराच्या टोकाला बांधून ती एसटीनं शिरूरला येते.

अडचण अशी, की हा मारुती लठ्ठ होत होता. दर शनिवारी तेल, दर शनिवारी शेंदूर, आणि आधीचा शेंदूर काढायचा कुणी नाही. आजोबांच्या वहीत छाती अडतीस आहे. वडिलांच्या काळात शेहेचाळीस झाली. या वर्षीच्या दोऱ्यानं अठ्ठावन्न दाखवले. मान गेली, हनुवटी गेली, गदा म्हणे पोटात गेली. बघणाऱ्याला तो द्रोणागिरी उचलणारा कमी आणि स्वतः द्रोणागिरी जास्त वाटे. गेल्या साली तर ऐन आरतीत पोशाख काखेत उसवला. टर्रकन आवाज झाला आणि टाळ थांबले.

तो आवाज देवस्थानचे अध्यक्ष शेषेराव पाटील विसरले नव्हते. यंदा महिनाभर आधीच ते दुकानात येऊन बसले.

"जलीलभाई, आमची सून म्हनून राहिली, लातूरात देवाचे रेडिमेड पोशाख मिळतात. मखमल. इलास्टिक. कोनच्याबी देवाला बसतंय."

"कोनच्याबी देवाला बसतंय ते कोनाचंच नसतंय, पाटील."

"ते मला कळत न्हाई. यंदाचं शेवटचं. एक सूतभर जरी कुठं कमी-जास्त झालं, तर पुढच्या सालापासून रेडिमेड. मग मान-बिन काई बोलायचं न्हाई."

ते गेल्यावर जलील बराच वेळ कात्रीकडे बघत बसला. मान गेला तर गणवेश राहतात. निळी चड्डी, पांढरा सदरा, चड्डी, सदरा. माणसानं तेवढंच शिवत मरावं, यात गैर काही नाही. तरी त्यानं आजोबांची वही काढून समोर ठेवली.

त्यानं जीव ओतून पोशाख शिवला. केशरी सॅटिन, काठाला जर, मागे शेपटीसाठी वीतभर काज. अठ्ठावन्नवर महिनाभराच्या शेंदराची चार बोटं वाढवली, वर उसवू नये म्हणून काखेत कापडाची दुहेरी कळी जोडली. त्याची बायको रईसा पोशाख अंगाभोवती गुंडाळून बघत म्हणाली, "अजी, यात तुमी, मी आन आपली पोरगी लायबा तिघं मावतो. वर तुमची अम्मी."

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला सिंधुबाईचा फोन आला.

"जलीलभाई, घात झाला. देवानं कवच सोडलं."

जलीलनं दुकान तसंच उघडं टाकलं, माणिकप्पाला हाक मारली आणि दोघं मोटरसायकलवर निघाले. शंभर-सव्वाशे वर्षांच्या शेंदराचा थर कधी तरी आपल्या वजनानं गळून पडतो, हे त्यानं वडिलांकडून ऐकलं होतं. तो आपल्याच हयातीत, अठ्ठावन्न इंची पोशाख तयार असताना गळेल, हे वडिलांनी सांगितलं नव्हतं.

देवळापुढे सगळं गाव जमलेलं. शेंदराची ढेकळं पाट्यांत भरून ठेवलेली होती, नंतर नदीत सोडायला. त्या पाट्याच सात भरल्या होत्या. आणि गाभाऱ्यात, सिंधुबाईच्या सांगण्याप्रमाणे, एक सडपातळ तरणाबांड गडी उभा होता. एक हात वर. कमरेला कट्यार. ओठांवर पिळदार मिशा. आणि शेपूट नाही.

"शेपूट न्हाई म्हंजे?" जलीलनं पायरीवरून विचारलं.

"न्हाई म्हंजे न्हाई. मी मागं हात घालून बघितलं. नुस्ती शिळा हाय."

गावावर जी कळा आली होती ती बघण्यासारखी होती. चार पिढ्यांनी चुकीच्या पत्त्यावर तेल घातलं की काय, ही शंका प्रत्येकाच्या तोंडावर होती आणि ती बोलायला कुणी तयार नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, हा भैरोबा आहे. दुसरा म्हणाला, कुणी लढाईत पडलेला वीर असेल. माणिकप्पा आत जाऊन आला तो डोळे पुसतच.

"आमचा वीरभद्र हाय. साक्षात. मिशा बघा की."

"मिशा तर आमच्या शेषेरावालाबी हायेत," गर्दीतून आवाज आला. "त्यालाबी तेल घालावं का?"

शेषेराव हसले नाहीत. त्यांच्यापुढे सरळ प्रश्न होता. उद्या सूर्योदयाला जन्म आहे. पाळणा सजला आहे, भंडाऱ्याची डाळ भिजली आहे, आणि जन्म कुणाचा हेच ठरलेलं नाही. जोवर ते ठरत नाही तोवर नवा शेंदूर लावता येत नाही, कारण हा शेंदूर मारुतीच्या नावाचा. आणि शेंदूर लागल्याशिवाय माप घेता येत नाही.

तेवढ्यात सूनबाई ऋतुजा लातूरहून गाडीनं आल्या. त्यांनी सोबत रेडिमेड आणलंच होतं. लाल मखमल, चमचम टिकल्या, कमरेला इलास्टिक.

"मामंजी, वाद कशाला? हे फ्री साइज आहे. देव कोणताही असू द्या."

सिंधुबाईनं तोंड वाकडं करून ते आत नेलं.  आतून तिचा आवाज आला, "बसलं." मग थोडा वेळ काहीच नाही. मग परत आवाज आला, "खरोखरच बसलं. पायाशी."

बाजारातलं फ्री साइज संगमरवरी गुटगुटीत देवांसाठी केलेलं असतं. या गड्याच्या अंगावर मांस नव्हतं. सिंधुबाईनं तीनदा वर ओढलं आणि तीनदा ते खाली आलं. चौथ्या वेळी तिनं हात जोडून देवाची माफी मागितली आणि मखमल बाहेर आणून ऋतुजाच्या हातात दिली. ऋतुजाच पहिल्यांदा हसली. मग बायका हसल्या. मग पुरुषांना परवानगी मिळाल्यासारखं झालं.

शेषेराव जलीलकडे वळले. "तुमी सगळ्या देवांचे कपडे शिवता. तुमीच सांगा, हे कोन?"

 जलीलला वाटलं, हा प्रश्न आजोबांना विचारला असता तर बरं झालं असतं. चुकीचं नाव घेतलं तर मान आत्ताच गेला. बरोबर नाव घेतलं तर अर्धं गाव विचारणार, तुला कोणी विचारलं होतं?

"मी टेलर मानूस, पाटील. मी तोंडं बघत न्हाई, खांदे बघतो," तो म्हणाला.  "पर एक इचारू का? शनिवारचं तेल कोन घेतंय?"

"हेच की."

"नवरदेव लग्नाला जाताना येशीत कुनाच्या पाया पडतो?"

"ह्याच्याच."

"पोरं पोलीसभरतीला पळायला जातात, तवा नारळ कुनापुढं फुटतो?"

"ह्याच्याच पुढं. आमच्या धाकट्या पोरानं, सत्यमनं, तर तीनदा फोडला," शेषेराव म्हणाले. "तिन्हीदा नापास झाला ते येगळं."

"मंग झालं. इतकी वर्सं मारुतीचं काम हाच करून राहिला. मानसालाबी शंभर वर्सं एका नावानं हाक मारली तर तो वळून बघतो. देव बघनार न्हाई का?"

 वाऱ्यानं पिंपळ सळसळला, एक कुत्रं अंग झाडून उठलं. माणिकप्पा मिशांच्या बाबतीत काही तरी पुटपुटला, पण हळू.

"आन शेपूट?" शेषेरावांनी शेवटची शंका काढली.

"काज ठिवतो. आली तर अडायला नको."

हशा झाला आणि त्या हशातच ठराव पास झाला. सिंधुबाईनं तेलात शेंदूर कालवला, पहिला पातळ हात दिला, तो सुकू दिला आणि दोरा घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा दोन गाठींचा दोरा इतका आखूड होता, की जलीलनं दोनदा मापला. एकतीस.

अठ्ठावन्नचं एकतीस करणं म्हणजे कमी करणं नव्हे. सगळं उसवणं. रईसा मशीन ऑटोत घालून निंबळवाडीला घेऊन आली आणि पारावर बसून दोघं नवरा-बायको दुपारभर टाके काढत राहिले. दुहेरी कळी गेली, चार बोटं गेली, काठाची जर अर्धी झाली. गाव येऊन जाऊन बघत होतं. बायका रईसाला चहा आणून देत होत्या.

"अजी," रईसा दातांनी दोरा तोडत म्हणाली, "तुमचा मारुती एका सकाळीत येवढा बारीक झाला. तुमी कवा होनार?"

"माझं कवच गळायला अजून टाइम हाय."

"मी पाटी घेऊन बसते."

दिवे लागायच्या आत पोशाख तयार झाला. शेषेरावांनी तो उजेडात धरून उलटा केला, सुलटा केला, काजातून बोट घालून बघितलं. काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं जलीलला रात्रभर पुरलं.

पहाटे तो अंधारातच निंबळवाडीला पोचला आणि पायरीशी उभा राहिला. आत पाळणा म्हटला जात होता. सूर्य शेताच्या कडेला टेकला तसा गुलाल उडाला, घंटा वाजू लागल्या, टाळ सुरू झाले. जलीलचे कान टाळांकडे नव्हते. तो टर्रकन होणाऱ्या एका आवाजाची वाट बघत होता. आरतीचं पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. कापूर फिरला. आवाज आला नाही.

गर्दी बाहेर पडू लागली. प्रत्येक जण त्याला आपापलं सांगून गेला. देव आता कसा तालमीतला वाटतो. देव आता भरतीत पास होईल. माणिकप्पा म्हणाला, वीरभद्राला केशरी रंग शोभतो.

सगळ्यांत शेवटी शेषेराव आले. त्यांच्या हातात मोबाइल होता. आपण शिवलेला पोशाख मारुतीच्या अंगावर जलीलनं आजवर कधी बघितला नव्हता. शेषेरावांनी फोटो त्याच्यापुढे धरला.

जलीलनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. चेहऱ्यावर तो थांबला नाही, मिशा ओलांडल्या, वरच्या हातावरून खाली उतरला. मग बोट डाव्या खांद्यावर थांबलं. 

"काय झालं?" शेषेरावांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. फोटो लहान होता आणि पाटलांना चष्मा लागलेला होता.

"इथं झोळ हाय," जलील म्हणाला. "एक सूत."

शेषेरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, चष्मा कपाळावर चढवला. त्यांना काही दिसेना.

"मला तर गुळगुळीत वाटतंय."

"तुमाला दिसायचा न्हाई. पर हाय."

पाटलांनी चष्मा परत नाकावर आणला. मग मोबाइल खिशात टाकत म्हणाले, "मग पुढच्या साली काढा तो. आन सिंधुबाईला दोरा लवकर धाडायला सांगतो. तुमी घाईत शिवता, मंग असं होतंय."

"हाव," जलील म्हणाला, आणि घाई कुणी केली यावर सात किलोमीटर स्वतःशीच भांडत घरी गेला.