हाक एकाला, ओ दुसऱ्याची

हे प्लेगात गेले तेव्हापासून मी देवाशी बोलणंच टाकलं होतं. संध्याकाळी दिवा लावायची, कारण वहिनीचं लक्ष असे. पण हात जोडून मागायचं असं काही उरलं नव्हतं. मागायचं ते दादाकडे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. महाराजांच्या दरबारात साधा कारकून, पण मला आणि माझ्या चार वर्षांच्या चिमीला त्यानेच बडोद्याच्या रावपुऱ्यात आपल्या घरी आणलं. पोरीचं अंग जरा कोमट लागलं तरी मी आधी दादाला हाक मारी. वहिनी एकदा हसत म्हणाली, "वन्सं, देवालाही काहीतरी काम ठेवा हो." मला तिचा असा राग आला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. चिमी तेवढी माझी, आणि तिला राखायला दादा आहे. यापलीकडे मी विचारच करत नव्हते.

नर्मदास्नानाचा धोशा वहिनीनेच लावला. डभोईवरून चांदोदला गेलो. घाट उंच, खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या, आणि शेवटच्या पायरीपुढे पाणी एकदम खोल. मी चिमीच्या डोक्यावर तांब्याने पाणी घातलं आणि पदर खोचायला जरा वळले, तेवढ्यात तिचा पाय घसरला. आवाजसुद्धा झाला नाही. परकर फुगून वर आला, मग तोही दिसेना. मी ओरडले, "दादा! दादा, धर तिला!" दादा माझ्या मागेच, दोन पायऱ्या वर, कोरडे कपडे घेऊन उभा होता. तो उभाच राहिला. तोंड पांढरंफटक, डोळे पाण्यावर खिळलेले, पण पाऊल काही उचलेना. मी पाण्यात झेपावणार तर वहिनीने मागून कंबरेला मिठी घातली. पोहता तर मला येत नव्हतं. पोर बुडत होती आणि मी बघत होते दादाकडे. माझा दादा हलत नाही, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

बाजूला एक म्हातारा गुजराती शेतकरी कंबरभर पाण्यात पाठमोरा उभा होता. माझ्या ओरडण्यासरशी तो गर्रकन वळला आणि त्याने पाण्यात सूर मारला. चिमीला केसांना धरून वर काढलं, पायरीवर पालथी घातली, पाठ थोपटली. तिने भडभडून पाणी ओकलं आणि भोकाड पसरलं. मी तिला उराशी धरून मटकन खाली बसले. म्हातारा पोरीकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता. "मने दादा कोणे कह्युं?" त्याने विचारलं. मला दादा कोणी म्हटलं?

सारा जन्म बडोद्यात काढूनही तो शब्द मला तेव्हा नव्याने कळला. गुजराती माणसाचा दादा म्हणजे आजोबा. एकुलत्या एक मुलाच्या अस्थी तो नुकत्याच सोडून उभा होता. मुलाचं लग्नही व्हायचं होतं. "आता या जन्मी मला दादा म्हणणारं कोणी नाही, असं रेवामाला, या नर्मदामाईला सांगत होतो," तो म्हणाला, "आणि मागून हाक आली."

मी खरं तेच सांगितलं, की काका, मी माझ्या भावाला बोलावत होते. त्याने वर दादाकडे पाहिलं. मग चिमीच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून शांतपणे म्हणाला, "भले एने बोलाव्यो, दीकरी. सांभळ्युं तो में ने?" बोलावलंस त्याला, पोरी, पण ऐकलं तर मीच ना. एवढं बोलून तो पायऱ्या चढून गेला. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. तो कोण होता आणि त्याला तिथे कोणी उभं केलं, याचा वाद मी आजवर कोणाशी घातला नाही. मी नर्मदेपुढे डोकं टेकलं आणि पुष्कळ रडले.

परतताना गाडीत दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "माझे पायच गेले गं. मला फार भीती वाटली." त्याला भीती वाटू शकते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. नात्याचं माणूस जीव लावतं, पण जीव राखणं नेहमीच त्याच्या हातात नसतं. ते ज्याच्या हातात आहे, तो कोणत्या नात्याने धावून येईल हे आपण ठरवायचं नसतं. इतकी वर्षं मी दादाला देव करून ठेवलं होतं, आणि त्या ओझ्याखाली तो बिचारा एकटाच उभा होता. मी झोपलेली चिमी उचलून त्याच्या मांडीवर दिली. तो तिला कवटाळून रडू लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावाचे डोळे पुसले.