गप्प बसवलेला पहारेकरी

“मास्तर, रविवारची नोंदवही कोरी आहे. कोऱ्या वहीवरून तुम्हाला कुणी पकडू शकत नाही!”

“ती कोरी आहे, कारण मीच तिला कोरी राहायला सांगितलं होतं, दाशा.”

“ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे.”

“आणि हिला,” बोहुमीर वाशात्कोंनी माझ्याकडं बोट केलं.

“ती काही बोलायची नाही. काय गं?”

मी कीबोर्डवर उगाच काहीतरी बडवत राहिले. इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोलीत आम्ही तिघंच बसायचो. दाग्मार झेमान्कोव्हा आमची साहेब. बारा वर्षांपूर्वी ती शिकाऊ म्हणून आली, तेव्हा वाशात्कोंनीच तिला हाताला धरून काम शिकवलं. आता ती त्यांची वरिष्ठ होती, तरी त्यांना ‘मास्तर’च म्हणायची, आणि ते तिला ‘दाशा’.

“चौकशी समितीला दोन ओळी पुरे आहेत,” ती म्हणाली. “यंत्र बसवणाऱ्यांनी चुकीचा फोल्डर निवडला. हे खोटं नाहीये.”

“अर्धंच खरं आहे.”

“मग अर्धंच लिहा! पूर्ण लिहिलंत तर काय होईल? संचालक म्हणतील, तुमच्या कुलपानं माणूस मारला. सोमवारी मला हुकूम येईल, सगळ्या सर्व्हरवरचा पहारा बंद कर. अकरा वर्षं एक एक नियम लिहिलात मास्तर. माझ्याच हातानं पुसायला लावणार?”

वाशात्कोंनी लिंबाच्या चहात चमचा फिरवला. साखर कधीच विरघळली होती.

वाशात्को मूळचे रेल्वेतले. प्शेरोव्हच्या जंक्शनवर सिग्नलची यंत्रणा सांभाळायचे. रूळ जुळून कुलूपबंद झाल्याशिवाय तिथं सिग्नल हिरवा होत नसे. गाडीत मंत्री बसलेला असो नाहीतर कोळसा. “बरोबर असल्याचं सिद्ध होईपर्यंत थांबवायचं,” ते सांगायचे. रेल्वेनं माणसं कमी केली तेव्हा ते इथं आले, आणि सर्व्हरलाही त्यांनी तोच कायदा लावला.

आमच्याकडं पडद्यामागं चालणारा एक प्रोग्राम आहे. त्याला ना खिडकी ना बटण, तो दिवसरात्र एकच काम करतो: प्रयोगशाळेतले रिपोर्ट उचलून वॉर्डांच्या पडद्यांवर पोचवतो. वाशात्कोंनी त्याच्याभोवती पहारा बसवला होता. त्यानं कुठले फोल्डर वाचायचे, कुठं लिहायचं, कुणाशी बोलायचं, सगळं ठरलेलं. यादीत जे नाही त्याला मनाई. अगदी सर्व्हरचा मालक म्हणून आत शिरलात तरी हा पहारा तुम्हाला भीक घालत नसे.

लोक वैतागायचे. रेडिओलॉजीवाले त्यांना ‘नाहीसाहेब’ म्हणत.

“नाहीसाहेब, प्रिंटर तरी जोडू द्याल का?”

“नाही.”

“निदान कारण?”

“कारण तुम्ही आधी विचारलं नाहीत. आता विचारलंत, तर उद्या जोडतो.”

चार हिवाळ्यांमागं शेजारच्या जिल्ह्यातल्या एका इस्पितळात चोरांनी सर्व्हरमध्ये शिरून सगळं गोठवून टाकलं. तिथं तीन आठवडे शस्त्रक्रिया बंद होत्या. आमच्याकडंही ते शिरले होते. पण शिरले त्याच एका प्रोग्राममधून, आणि पहाऱ्यानं त्यांना त्याच्या खोलीबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रेडिओलॉजीवाल्यांनी खसखशीच्या पावांचं अख्खं ताट खाली पाठवलं. वाशात्कोंनी एक खाल्ला, बाकीचे आम्हाला दिले आणि परत नियम लिहायला बसले. त्या दिवशी त्यांना शीळ घालताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मग घडलं ते असं. त्या प्रोग्रामला एक खोड होती. दर अर्ध्या मिनिटाला तो प्रोग्राम बनवताना चाचणीसाठी केलेल्या एका रिकाम्या फोल्डरमध्ये डोकावायला बघायचा. त्याचं तिथं काहीच काम नव्हतं. पहारेकरी अडवायचा आणि नोंदवहीत लिहायचा, “अडवलं.” दिवसाला दोन हजार आठशे ऐंशी ओळी! त्या कचऱ्यात खरी ओळ सापडायची कशी? तेव्हा वाशात्कोंनी नियम केला: याला अडव, पण लिहू नकोस. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात. मीही केलंय.

त्याला अडीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात रविवारच्या पाळीसाठी रक्त तपासायचं छोटं यंत्र आलं. बसवणाऱ्यांना तो चाचणीचा फोल्डर आयता सापडला, आणि रिपोर्ट त्यात पडू लागले. ते बसवत असताना वाशात्कोंनी पहारा सैल ठेवला होता, त्यामुळं रिपोर्ट सुरळीत पोचले. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी पहारा परत घट्ट केला आणि तासभर नोंदवही न्याहाळत बसले. एकही तक्रार नाही. कोरी वही बघून ते खूश झाले. “बघा, किती शहाणं यंत्र आहे,” मला म्हणाले, आणि कोट चढवून आपल्या बागेतल्या फळांच्या झुडपांकडं निघून गेले.

रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी वॉर्डातल्या आलोइस कुबात यांच्या रक्ताचा रिपोर्ट तयार झाला. त्यात पोटॅशियम भलतंच वाढलं होतं, हृदय बंद पडावं इतकं. प्रयोगशाळेतल्या एकट्या बाईनं वॉर्डात एकदा फोन केला. कुणी उचलला नाही. रिपोर्ट पाठवलाय, दिसेलच, असं म्हणून ती पुढच्या नळीकडं वळली. वॉर्डाच्या पडद्यावर एकच ओळ होती: प्रतीक्षेत. पावणेचारला कुबात गेले.

सोमवारी वाशात्कोंनी सगळा माग काढला. तो गप्प बसवणारा नियम उठवल्यावर नोंदवही भराभर भरू लागली. अडवलं, अडवलं, अडवलं. ते पडद्यासमोर उभेच होते. मी खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत.

आणि आता गुरुवारी दाशा त्यांना त्या दोन ओळी लिहायला सांगत होती.

“फोन उचलला नाही तो वॉर्डानं,” ती म्हणाली. “फोल्डर निवडला तो बसवणाऱ्यांनी. आणि सगळं तुम्ही एकट्यानं ओढवून घ्यायचं? कुठला न्याय?”

“त्यांचं त्यांनी लिहावं. माझी ओळ मी लिहीन.”

“आणि उद्या परत चोर आले तर? पहारा नसेल मास्तर. तेव्हा किती कुबात जातील?”

वाशात्कोंनी चहाचा कप बाजूला सारला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. पन्नाशीची एक बाई, गळ्यात भिजलेला मफलर. “माफ करा. मी मिलेना कुबातोव्हा, आलोइस कुबातांची मुलगी. वर कागद घ्यायला आले होते. मी विचारलं, कॉम्प्युटर कोण बघतं, तर म्हणाले, खाली.”

दाशा झटकन उठली. “बाई, चौकशी चालू आहे, आम्हाला काही बोलता...”

“बसा,” वाशात्को म्हणाले.

“मास्तर!”

“बसा ना, कुबातोव्हा बाई.”

त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. “इंजिनिअरसाहेब, मला एवढंच विचारायचंय. रिपोर्ट होता की नव्हता?”

“मी इंजिनिअर नाही. आणि रिपोर्ट होता. बारा दहाला.”

त्यांचा हात मफलरवर थांबला. “नर्स म्हणाली, आलाच नाही.”

“तिला दिसलाच नाही. तिची चूक नाही. तो मध्ये अडला.” त्यांनी सगळं सांगितलं, धंद्यातला एकही शब्द न वापरता: पहारेकरी, खोली, वही. दाशा खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. त्या खिडकीतून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसतात.

“म्हणजे तो अडवत होता,” बाई सावकाश म्हणाल्या, “आणि त्यानं ओरडू नये, असं तुम्ही सांगितलं होतं.”

“हो.”

“का?”

“कारण त्याचा आवाज मला नकोसा झाला होता.”



“मी तीनदा विचारलं त्या नर्सला,” बाई म्हणाल्या. “तिसऱ्यांदा तर ओरडले. म्हटलं, रिपोर्टच्या नावाखाली बसून राहता, लाज नाही वाटत? बाबा म्हणाले, मिलेना, पोरीवर ओरडू नकोस. ते त्यांचं शेवटचंच...”

“हे मी समितीला लेखी देणार आहे,” वाशात्को म्हणाले. “माझ्या नावानं. तुम्हालाही प्रत मिळेल.”

दाशा वळली. तिचे डोळे लाल झाले होते. “सोमवारी सगळं बंद होणार, मास्तर. तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय.” ते बाईंकडंच बघत होते. “तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते बोला. शिवी द्या. मी ऐकून घेईन. पण काहीतरी बोला.”

मिलेना कुबातोव्हांनी पायाशी ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी उचलली. आत वडिलांच्या घरात घालायच्या चपला होत्या, वॉर्डानं परत दिलेल्या. त्यांचे टाचेकडचे काठ दबून गेले होते. त्यांनी पिशवीच्या बंदाला एक गाठ मारली. ती सुटली, म्हणून परत मारली.

“बाई?” वाशात्को म्हणाले.

त्या उठल्या, आणि दार ओढून न घेता जिन्याकडं निघून गेल्या.